उन्हाला अकरा, सावलीला चार

मी झरीच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. म्हणजे साहेब तपासणीला येणार असले की फळ्यावर रंगीत खडूंनी मोर काढायचा, गॅदरिंगचा पडदा रंगवायचा आणि एरवी जो कोणी रजेवर जाईल त्याच्या वर्गात बसून पोरांना गप्प ठेवायचं. एवढ्या कलेवर सरकार मला पोसत होतं. माझं स्वतःबद्दलचं मत मात्र याहून बरंच मोठं होतं. एक संधी मिळायचा अवकाश, परभणी जिल्ह्याचं नाव मी पुण्या-मुंबईत गाजवून सोडीन, असं मला वाटायचं. पुण्या-मुंबईला परभणी नावाचा जिल्हा आहे हे ठाऊक आहे की नाही, याची चौकशी मी केली नव्हती.

शाळेत पुण्याहून एक मासिक यायचं. मुख्याध्यापक ते स्वतः वाचत नसत आणि दुसऱ्याला वाचायला देत नसत. कपाटात चळत लावून ठेवत. दुष्काळाची वर्षं सरून जिल्हा जरा श्वास घ्यायला लागला होता, त्या सुमारास एक अंक चुकून माझ्या हाती लागला. त्यात छायाचित्र स्पर्धा होती. विषय : 'वाळवंटातील रंगीत खडक, मावळत्या उन्हात'. अट एकच, छायाचित्र रंगीत हवं.

वाचून मी जागेवरच उडालो. हा विषय कोणीतरी खास माझ्यासाठी काढला होता. आमच्याकडे वाळवंट म्हणजे नदीचं कोरडं पात्र. टरबुजं वाळवंटात पिकतात, धुणं वाळवंटात वाळतं, पोरं वाळवंटात विटीदांडू खेळतात. आणि येलदरीला धरणाच्या खाली पूर्णेच्या वाळवंटात काय खडक आहेत, हे मी सहलीला पोरं घेऊन गेलो तेव्हा डोळ्यांनी पाहिलं होतं. वाळवंटाला दुसराही एक अर्थ असतो, त्यात उंट असतात आणि ते राजस्थानात असतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तो भूगोलाच्या मास्तरांचा विषय होता आणि त्या आठवड्यात ते रजेवर नव्हते.

प्रश्न फक्त रंगीत रोलचा होता. त्या काळी आमच्या भागात रंगीत रोल बघायला मिळणंसुद्धा मुश्किल. आणि योगायोग असा की आमच्या घरात एक रोल होता. मायनं तो ज्वारीच्या कणगीत, थंड राहावा म्हणून, फडक्यात गुंडाळून पुरून ठेवला होता. मुंबईच्या गोदीत कामाला असलेल्या मावसभावाकडून तिनं तो मिनतवाऱ्या करून मागवला होता. बारा फोटोंचा. तो माझ्यासाठी नव्हता, माझ्या धाकट्या बहिणीसाठी होता.

बहीण मॅट्रिक झालेली, गावातल्या बालवाडीत शिकवायची. तिला येलदरीच्या वीजघरात नोकरीला असलेल्या एका मुलाचं स्थळ आलं होतं. मुलगा आपल्यातलाच, शिकलेला, सरकारी क्वार्टरमध्ये राहणारा. आईबाप नसल्यानं सगळा कारभार त्याच्या आत्याच्या हाती. आत्या जिंतूरला असायची. तिनं निरोप धाडला, "काळ्यापांढऱ्यात समद्याच पोरी सारख्या दिसत्यात. रंगीत फोटू धाडा, मग बगू." आमच्या लोकांनी बौद्ध होऊन जातीची उतरंड टाकून दिली, पण रंगाची तेवढी जपून ठेवली होती. माणसाला टेकायला काहीतरी लागतंच.

बहीण सावळी होती. मायच्या भाषेत 'जरा निमगोरी', आत्याच्या भाषेत काय ते पुढे येईलच.

मी मायपुढे बसून हिशेब मांडला. आत्याला फोटो एक लागणार. उरलेल्या अकरांचं काय लोणचं घालायचं? येलदरीला जाऊ, बारावा हिचा काढू, अकरा मी खडकांचे काढीन. माय म्हणाली, "पोरीचा फोटू काढायला दगडात कामून जायचं? परभणीला इष्टुडिओ मेला का?" मी शेवटचं हत्यार काढलं. म्हटलं, नदीच्या पात्रात दिवस कलला की जे पिवळं ऊन पडतं ना, त्यात कोणीही उजळ दिसतं. मायचा विरोध तिथेच संपला. बहीण चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मग म्हशीलाबी घेऊन चला."

कॅमेरा परभणीच्या एका स्टुडिओवाल्या चाचांकडून उसना आणला. वरून डोकावून बघायचा, चौकोनी, जड. आत दिसणारं चित्र उलटं, डावीकडचं उजवीकडे. चाचांना माझी हुशारी ठाऊक असावी. त्यांनी रोल स्वतः भरला आणि एका चिठ्ठीवर भिंगाचे आकडे लिहून दिले : उन्हाला अकरा, सावलीला चार.

"मास्तर, एवढंच ध्यानात ठेवा," ते म्हणाले. "उन्हातलं काढलं आन् मग सावलीतलं काढायचं झालं, तर आकडा बदलायचा. न्हाईतर माणूस कोळसा येतो. रंगीत रोल माफ करत न्हाई."

मी चिठ्ठी खिशात घातली आणि हे मला शिकवायची गरज नाही अशा चेहऱ्यानं बाहेर पडलो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघं जिंतूरमार्गे येलदरीच्या एस्टीत बसलो. मायनं बहिणीला पांढरी साडी नेसवली होती. आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत असते, म्हणून शुभ. रंगीत फोटोसाठी सबंध घरातून शोधून पांढरी साडी काढणारी माणसं आमच्याशिवाय कोणी नसतील. तोंडाला पावडर, ती जिंतूरपर्यंत घामानं निम्मी उतरली. मी कॅमेरा मांडीवर लेकरासारखा धरून बसलो होतो.

जिंतूर मागे पडल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दादा, ते मासिकबिसिक तुजं तू बघ. माजा एक फोटू नीट काढ. मला हे स्थळ पसंत हाय."

आमच्या घरात मुलीनं स्वतःच्या तोंडानं असं सांगणं म्हणजे कणगीनं बोलायला लागण्यासारखं होतं. मी विचारलं, तू त्याला पाहिलंस कधी? जिंतूरला एका लग्नात तो पंगतीत वाढायला होता, असं कळलं. त्यानं हिला दोनदा वरण वाढलं होतं, न मागता. त्या काळी माणसं एवढ्यावर आयुष्य ठरवायची. मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून मी ते गिळलं.

"पहिला फोटो तुझा," मी म्हणालो. "शब्द देतो."

आम्ही पात्रात उतरलो तेव्हा चार वाजले होते. धरण बांधताना सुरुंग लावून फोडलेली खडकाची उभी कड तिथे आहे, तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी. खाली काळा पाषाण, त्यावर विटेसारखा लाल गेरूचा पट्टा, वर हळदीसारखा मुरूम, मधूनच शेवाळी झाक आणि सगळ्यात पांढऱ्या गारगोट्या खोचलेल्या. चार वाजता मात्र हे सगळं भाजून निघाल्यासारखं फिकट दिसत होतं. बहीण कडेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली, पदर सारखा केला, रुमालानं ओठांवरचा घाम टिपला. "काढ," ती म्हणाली.

"थांब जरा," मी म्हणालो. "उन्हं उतरू दे. आत्ताचं ऊन पांढरं आहे, फोटोत चेहरा उडालेला येईल."

हे खरंच होतं. फोटोग्राफीतलं मला जे काही कळत होतं त्यात हे बसत होतं. ती उभी राहिली.

पाचच्या पुढे ऊन पिवळं व्हायला लागलं आणि तो खडक बदलला. हे मला आजही नीट सांगता येत नाही. गेरूचा पट्टा आधी पेटला, मग मुरूम, मग गारगोट्या एकेक करून चमकायला लागल्या. सगळं आयुष्य बारा खडूंच्या पेटीत काढलेल्या माणसाला एकदम एवढे रंग दिसले की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. माझं राहिलं नाही. तिच्या चेहऱ्यावरही ते ऊन होतं, पुरेपूर होतं, मायला सांगितलं होतं तसंच. मी कॅमेऱ्यात डोकावलो आणि मला तिच्या डोक्यावरचा गेरूचा पट्टा दिसला.

"थांब जरा, एक खडकाचा घेतो."

मग दुसरा घेतला, कारण पहिला वाकडा आला असेल असं वाटलं. आत उलटं दिसत असल्यामुळे मी सरळ करायला गेलो की कॅमेरा आणखी कलायचा. मग पलीकडच्या कोपऱ्यातला लाल तुकडा. मग परत गारगोट्या. दरवेळी मी तिला "थांब जरा" म्हणत होतो आणि दरवेळी ती पुन्हा पदर सारखा करून उभी राहत होती. एकदा म्हणाली, "पाय पोळायलेत रे." मी म्हटलं, कला म्हणजे कष्ट आलेच. पोळणारे पाय माझे नव्हते, त्यामुळे हे वाक्य मला सहज सुचलं.

अकरा फोटो झाले तेव्हा भोंगा वाजला. वीजघर चालू व्हायच्या आधी पाणी सुटायचं, त्याचा तो इशारा. वर काठावर एक माणूस सायकल टाकून धावत आला आणि ओरडायला लागला, "ओ मास्तर! वर या! पाणी सुटायलंय!"

बहिणीनं वर पाहिलं आणि तिच्या हातातला रुमाल खाली पडला. तोच होता, दोनदा वरण वाढणारा.

"एक मिनिट!" मी ओरडलो. तिला म्हटलं, हलू नको. ऊन आता पायथ्यावरून उठून वर चढलं होतं. समोरच्या काठाची सावली तिच्या पावलांवरून, साडीवरून, तोंडावरून वर गेली होती आणि तिच्या डोक्याच्या वर नुसता खडक जळत होता. कॅमेऱ्यात तो पट्टा असा काही दिसत होता की मी श्वास रोखून बटण दाबलं. तेराव्याला जागा नव्हती.

आम्ही वर चढलो. शेवटच्या टप्प्याला त्यानं हात पुढे केला. मी धरणार एवढ्यात माझ्या लक्षात आलं की तो माझ्यासाठी नव्हता. ती वर आली. तो म्हणाला, "लय येळ उभ्या होता तुमी. मी चारपासून वरून, वीजघराच्या आवारातून बघायलोय."

"दादा उन्हाची वाट बघायलाय," ती म्हणाली.

दोघंही हसली. मीही हसलो. मला वाटलं, चला, काम झालं. फोटो काय, आता नुसता उपचार. एवढं गोड मी स्वतःला क्वचितच समजावलं असेल.

परतीच्या एस्टीत तिनं विचारलं, "आला असंल ना नीट?"

"लय नीट," मी म्हणालो, आणि खिशात रुमाल शोधताना चाचांची चिठ्ठी हाताला लागली. मी कॅमेरा उजेडाकडे धरून भिंगाचा आकडा बघितला. अकरा. ती बाहेर बघत होती, तोंडावर आलेले केस मागे सारत होती, आणि मी चिठ्ठीची घडी घालून परत खिशात ठेवली. बाकी सगळं मी हसत सांगू शकतो, हे नाही. तेव्हाच सांगितलं असतं तर निदान तिनं महिनाभर वाट तरी पाहिली नसती.

रोल धुवायला मुंबईला गेला आणि महिन्यानं फोटो आले. अकरा खडक असे आले होते की मुख्याध्यापकांनीही चष्मा लावून पाहिले. बाराव्यात वरचा अर्धा भाग सोनं ओतल्यासारखा, आणि खाली एक पांढरी साडी उभी. साडीच्या वर, जिथे माणसाला तोंड असतं, तिथे काळं.

मायनं फोटो दारात नेऊन उजेडात धरला. "पोरगी कुटाय?"

बहिणीनं तिच्या हातातून घेतला. बघितला. मग माझ्याकडे देऊन म्हणाली, "खडक लय देखणा आलाय, दादा."

मी धावाधाव केली. मावसभावाला पत्र टाकलं. रोल आता लवकर मिळणार नाही असं उत्तर आलं. चाचांनी स्टुडिओत एक साधा काळापांढरा फोटो काढून दिला, फार सुंदर. तो आत्यानं उलट टपाली परत केला. रंगीत मागितला होता. दाखवायला घाबरतात म्हणजे काहीतरी आहे, असा वर तिचा निरोप. आता काय, म्हणून आम्ही बसलो असताना बहीणच म्हणाली, "धाडा तोच येलदरीचा. त्यानं मला पाह्यलंय."

तेवढ्या एका गोष्टीवर तिचा भरवसा होता. दोन तास वरून बघणाऱ्या आणि हात देऊन वर घेणाऱ्या माणसाला फोटोतलं खोटं कळणारच. मलाही ते पटलं. मी पाकीट पोस्टात टाकलं, आणि टाकतोच आहे तर म्हणून त्याच बाराव्या फोटोची दुसरी प्रत पुण्याच्या मासिकालाही टाकली. त्यातला खडक सगळ्यात चांगला होता, मी काय करणार.

पंधरा दिवसांनी आत्याचं पोस्टकार्ड आलं. कोणाकडून तरी लिहून घेतलेलं, वळणदार अक्षर. मुलगी फारच काळी असल्याने मुलास पसंत नाही, कळावे. मुलास! मी ते कार्ड उलटसुलट करून बघितलं. मुलाचा अंगठा, सही, टिंब, काहीच नव्हतं. त्यानं डोळ्यांनी बहीण पाहिली होती आणि आत्याच्या हातातला कागद पाहिला होता, आणि त्याला कागद खरा वाटला. सरकारी नोकरीत माणूस फार लवकर तयार होतो. माझी फार इच्छा झाली होती की येलदरीला जाऊन त्याची गचांडी धरावी. पण त्याच्यासमोर उभं राहून सांगणार काय? की ती काळी नाही, मी आंधळा आहे?

बहिणीनं कार्ड वाचलं आणि बालवाडीला गेली. त्या दिवशी तिची सुट्टी होती.

पावसाळ्यात मासिकाचा अंक आला. माझ्या छायाचित्राला उत्तेजनार्थ बक्षीस होतं, आणि ते पानभर, रंगीत छापलेलं होतं. खाली ओळ होती : 'मरुभूमीतील एकाकी शुभ्रवसना. येलदरी, राजस्थान.' मी पाकिटावर झरी, तालुका व जिल्हा परभणी असा अख्खा पत्ता घातला होता. पण पुण्याला वाळवंट म्हटल्यावर राजस्थान, आणि राजस्थान म्हटल्यावर येलदरीही तिकडे जाऊन बसली. मी दुरुस्तीचं पत्र पाठवलं, त्याचं उत्तर आलं नाही. मुख्याध्यापकांनी ते पान शाळेच्या भिंतीला लावलं आणि भूगोलाच्या मास्तरांनी त्यासमोर पोरांना उभं करून वाळवंट शिकवलं. झरीतल्या एकाही माणसानं ती शुभ्रवसना ओळखली नाही.

मी अंक घरी आणला तेव्हा बहीण ज्वारी निवडत होती. तिनं ओळ मोठ्यानं वाचली.

"शुभ्रवसना म्हंजी काय रे?"

"पांढरी साडी नेसलेली."

"आन् एकाकी?"

"एकटी."

"बराबर लिवलंय," ती म्हणाली आणि सूप पुढे ओढलं.

दोनेक वर्षांनी तिचं लग्न पालमच्या एका प्राथमिक शिक्षकाशी झालं. त्यानं फोटो मागितला नव्हता. मुलगी बघायला आला, चहा प्यायला, बालवाडीत पोरं किती असतात ते विचारलं, आणि जाताना हो म्हणाला. चांगला माणूस आहे. लग्नात फोटोवाला मी ठरवला नाही, तिनंच नको म्हणून सांगितलं होतं.

तोवर माझ्याकडे स्वतःचा कॅमेरा झाला होता. एकदा मावसभावानं पुन्हा एक रंगीत रोल दिला, तो मी कणगीत ठेवला नाही. भरला आणि सरळ पालमची एस्टी धरली. मनाशी ठरवलं होतं, बाराच्या बारा हिचे. एकही भिंत नाही, एकही झाड नाही.

चारच्या सुमाराला पोचलो. ती अंगणात शेवया वाळत घालत होती. अंगावर साधी, विटलेली साडी, तोंडावर समोरून ऊन. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत, कॅमेरा उघडला. म्हटलं, अशीच बस, हलू नको, आत्ता फार छान दिसतेस.

तिनं माझ्याकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हात झटकत उठली.

"थांब जरा, दादा," ती म्हणाली. "उन्हं उतरू दे."

आणि आत गेली. हसून म्हणाली की कशी, ते मला कळलं नाही, तोवर ती पाठमोरी झाली होती. मी ओट्यावर बसलो. मेहुण्यांनी चहा आणून दिला, शाळेच्या गप्पा मारल्या आणि दुकानातून सामान आणायला गेले. ऊन पिवळं झालं. अंगणातल्या शेवयांवरून उठलं, भिंतीवर चढलं, पत्र्याच्या कडेला गेलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी कॅमेऱ्याचा आकडा चारवर आणून ठेवला आणि बसून राहिलो.